ठोकून वाजणारं वाद्य गातं कसं? शोपँ, सोप्या भाषेत

2025च्या ऑक्टोबरात पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, शोपँ स्पर्धा चालू होती. शोपँ हा एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक आणि संगीतकार, त्याच्या नावाची ही पियानोची स्पर्धा. भाचीने एकापाठोपाठ एक सहा क्लिपा पाठवल्या आणि खाली विचारलं, "मामा, हे सगळे तेच वाजवतायत. मग नंबर कसला काढतात?"

प्रश्न रास्त आहे. 1927 साली सुरू झालेली ही स्पर्धा साधारण दर पाच वर्षांनी होते. जगभरातले तरुण पियानोवादक तिथे येतात आणि पहिल्या फेरीपासून अंतिम फेरीपर्यंत एकाच माणसाच्या, शोपँच्या, रचना वाजवतात. या वेळी एरिक लू हा अमेरिकन वादक पहिला आला. त्याच्या बरोबर वर्षभर आधी आणखी एक बातमी होती: न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात हाताच्या पंजाएवढ्या कागदावर लिहिलेला, आजवर कुणाला माहीत नसलेला एक वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाची रचना, सापडला आणि तो शोपँचा असावा असं तज्ज्ञांनी सांगितलं. जाऊन 175 वर्षं झालेल्या माणसासाठी हे बरंच झालं.

आधी नावाचं बघू. स्पेलिंग बघून आपल्याकडे त्याला सर्रास चोपिन म्हणतात. उच्चार फ्रेंच वळणाचा आहे, शोपँ, शेवटचा सूर नाकातून. बाप फ्रेंच, आई पोलिश, जन्म आणि वाढ पोलंडमधली. मी स्वतः पेटी वाजवतो, पियानो नाही. पण पेटीवाल्याला शोपँ एका जागी फार जवळचा वाटतो, आणि तिथूनच सुरुवात केली तर भाचीच्या प्रश्नापर्यंत नीट पोहोचता येईल.

मुळात अडचण काय आहे?

पेटीला भाता असतो. हवा देत राहिलं की सूर टिकतो. सारंगीला गज असतो, गळ्याला श्वास असतो. पियानोत पट्टी दाबली की आतला नमद्याने मढवलेला हातोडा तारेवर आपटतो आणि लगेच मागे येतो. त्यानंतर त्या सुराचं तुम्ही काहीही करू शकत नाही. तो वाढवता येत नाही, हलवता येत नाही, त्याच्यावरून मींड घेऊन पुढच्या सुरावर जाता येत नाही. जन्मल्या क्षणापासून तो विरायला लागतो. आणि दोन पट्ट्यांच्या मधली जागा? ती नाहीच.

हा आक्षेप आपल्याला नवा नाही. शिवकुमार शर्मांनी 1955 साली मुंबईत संतूर वाजवलं तेव्हा जाणकारांनी हेच म्हटलं होतं की हे ठोकून वाजणारं वाद्य, याच्यावर मींड नाही, शास्त्रीय संगीत यावर कसं होणार? त्यांनी वर्षानुवर्षं कलमांच्या, म्हणजे संतूर वाजवायच्या काड्यांच्या, घर्षणातून सलग सुराचा भास निर्माण केला. शोपँने सव्वाशे वर्षं आधी पियानोबाबत जे केलं ते तपशिलात वेगळं, पण हट्ट तोच.

त्याला ऑपेराचं वेड होतं. इटालियन संगीतकार बेलिनी त्याचा पॅरिसमधला स्नेही. पियानो शिकायला आलेल्यांना तो सांगे, चांगले गायक ऐका, स्वतः गाणं शिका. वाजवायचं असेल तर गायला हवं. आपल्याकडे सतार किंवा बासरी वाजवणाऱ्याबद्दल "गायकी अंगाने वाजवतात" असं म्हणतात. शोपँचं सगळं काम या दोन शब्दांत मावतं. फक्त त्याचं वाद्य या कामाला सगळ्यात नालायक होतं.

मग तो पियानोला गायला लावतो कसा?

पहिली युक्ती पायात आहे. पियानोच्या तारांवर एकेक गादी टेकलेली असते. पट्टी सोडली की ती सूर बंद करते. उजवं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या एकदम उचलल्या जातात. आजच्या पियानोत सुमारे 230 तारा असतात, आणि त्या सगळ्या मोकळ्या झाल्यावर तुम्ही वाजवलेल्या सुराला बाकीच्या जुळत्या तारा आपोआप साथ देतात. सतारीच्या तरफा नेमकं हेच करतात. शोपँचा डावा हात खालचा एक खोल सूर देतो, मग वर दोन-तीन सूर पसरतो, आणि पेडलमुळे त्या सगळ्यांचा मिळून एक झंकार उभा राहतो. उजव्या हाताची चाल या झंकारावर तरंगते. सुटा सूर विरतो तेवढा विरलेला जाणवत नाही.

दुसरी युक्ती बोटात आहे आणि ती शिकवणं अवघड. आधीचा सूर विरत विरत जिथे पोहोचला असेल, साधारण त्याच आवाजात पुढचा सूर सुरू करायचा. म्हणजे सांधा दिसत नाही. चांगला शिंपी कापडाचा जोड नक्षीत लपवतो तसं.

तिसरी युक्ती आपल्याला सगळ्यात ओळखीची. लांब सूर टिकत नाही ना, मग त्याच्या अंगावर मुरक्या आणि छोट्या ताना घाला. ई-फ्लॅट मेजरचा नॉक्टर्न, ऑपस 9 मधला दुसरा, काढून ऐका. ऑपस म्हणजे छापून आलेल्या कृतीचा क्रमांक, आणि नॉक्टर्न म्हणजे रात्रीच्या प्रहराची शांत रचना. हा प्रकार जॉन फील्ड या आयरिश वादकाने आधी रूढ केला होता. यात एक साधी चाल येते. तीच पुन्हा येते, जरा सजून. मग पुन्हा, आणखी सजून. ख्यालातला मुखडा दर वेळी नव्या वाटेने येतो, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की इथली सजावट कागदावर लिहिलेली आहे. निदान तसं वाटतं, त्याबद्दल पुढे.

पाचही बोटं सारखी नसतात

ही म्हण शोपँला ठाऊक असायचं कारण नाही, पण त्याची शिकवण हीच होती. त्या काळचे पियानो-मास्तर सगळी बोटं सारख्या ताकदीची व्हावीत म्हणून तासन्‌तास कवायत करून घेत. शोपँचं म्हणणं उलटं. प्रत्येक बोटाची घडण वेगळी, तर प्रत्येकाचा आवाजही वेगळा राहू द्या, आणि तो वेगळेपणा वापरा.

म्हणून तो पहिला धडा पांढऱ्या पट्ट्यांवर देत नसे. हात ठेवायचा तो असा: अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटं काळी तीन, काळी चार, काळी पाचवर आणि करंगळी पांढरी सातवर. पेटी समोर असेल तर आत्ता करून बघा. लांब बोटं उंच पट्ट्यांवर आणि आखूड बोटं खालच्या पट्ट्यांवर अशी बसतात की हात जणू त्या जागेसाठीच केलेला आहे. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची सरळ सारेगम, जी आपण मुलांना पहिल्या दिवशी देतो, ती त्याच्या मते वाचायला सोपी पण हाताला सर्वांत अवघड. ती तो शेवटी शिकवायचा. मी हे वाचलं तेव्हा इतकी वर्षं पोरांना उलटं शिकवत आलो की काय, असा प्रश्न पडला. अजून उत्तर सापडलेलं नाही.

काळ्या पट्ट्यांवरून आणखी एक. एत्यूद म्हणजे सरावासाठीची रचना, पण शोपँच्या एत्यूद मैफलीत वाजवण्याजोग्या आहेत. 1833 साली छापलेल्या ऑपस 10 मध्ये अशा बारा आहेत, आणि तो संच त्याने फ्रान्झ लिस्ट या पियानोवादक मित्राला, आणि प्रतिस्पर्ध्यालाही, अर्पण केला. त्यातल्या पाचव्यात उजवा हात एक सूर सोडला तर पूर्णपणे काळ्या पट्ट्यांवरच धावतो. काळी तीनचा सा धरलात तर ते सूर होतात सा, रे, ग, प, ध. भूपाचे सूर. भूप मात्र नाही. राग नुसत्या सुरांनी होत नसतो आणि डावा हात तर भलतीकडेच जातो. तरी पहिल्यांदा ऐकताना कान टवकारतात.

चोरलेला वेळ

आता रुबातो. एवढा एक परका शब्द लक्षात ठेवला तर पुरे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ "चोरलेला", म्हणजे चोरलेला वेळ. वादक कुठे रेंगाळतो, कुठे झपकन पुढे जातो, ते रुबातो.

"म्हणजे ताल सोडतो?" नाही. शोपँ कसा वाजवायचा हे त्याच्या शिष्यांनी लिहून ठेवलंय: डावा हात संचालक, तो ठेका सोडत नाही, गातो तो उजवा हात, आणि त्याला मुभा आहे. शिकवताना पियानोवर मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र, ठेवलेलं असायचं. तबल्याचा ठेका सरळ चालू असताना गायक शब्द मागे ओढतो, मग पुढे झेपावतो आणि समेवर बरोबर सापडतो, त्याला आपण बेताल म्हणत नाही. आई मुलाचं बोट धरून चालते. मूल दगड उचलायला मागे राहतं, मग पळत पुढे जातं. आईची चाल तीच असते आणि बोट सुटत नाही. असं काहीतरी.

माझं मत विचाराल तर आजचे बरेच वादक दोन्ही हात एकदम हळू करतात आणि त्याला रुबातो म्हणतात. म्हणजे मूल मागे राहिलं की आईही थांबते. ऐकायला गोड लागतं, पण ती गंमत वेगळी.

"सगळं लिहिलेलंच आहे ना, मग वादकाचं काय कर्तृत्व?"

भाचीचा प्रश्न हाच होता. यावर सर्वांत चांगलं उत्तर खुद्द शोपँच्या शिष्यांच्या वह्यांत आहे. ऑपस 9 चा तोच दुसरा नॉक्टर्न त्याने अनेकांना शिकवला, आणि वेगवेगळ्या शिष्यांच्या छापील प्रतींवर त्याने पेन्सिलने वेगवेगळ्या ताना लिहून दिल्या. त्यात भर अशी की त्याच्या रचना फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये तीन प्रकाशक जवळपास एकाच वेळी काढत, आणि तिन्हींत बारीक फरक राहत. मग खरी कुठली? एकाच उस्तादाच्या तीन शिष्यांकडे एकच बंदिश तीन तऱ्हांनी सापडते तेव्हा आपण हा प्रश्न जसा सोडून देतो, तसाच इथेही बऱ्याचदा सोडावा लागतो.

याचा अर्थ तो निष्काळजी होता असा नव्हे. जॉर्ज साँ या लेखिकेबरोबर त्याची नऊ वर्षं गेली. तिने लिहिलंय की चाल त्याला एका झटक्यात सुचे आणि मग ती कागदावर उतरवताना तो खोली बंद करून रडायचा, लेखण्या मोडायचा, एकच ओळ शंभर वेळा बदलायचा आणि आठवड्यांनी पुन्हा पहिल्या खर्ड्यावरच यायचा.

मुभा किती घ्यायची यावर स्पर्धेतही भांडणं झाली आहेत. 1980 साली ईव्हो पोगोरेलिच या युगोस्लाव तरुणाला अंतिम फेरीआधीच बाद केलं. परीक्षकांपैकी मार्था आर्गेरिच, जिने 1965 साली हीच स्पर्धा जिंकली होती, ती त्याला प्रतिभावंत म्हणत परीक्षक मंडळ सोडून निघून गेली. त्या वर्षी जिंकला व्हिएतनामचा डांग थाय सोन, आशियातला पहिला विजेता. गंमत म्हणजे 2021चा विजेता ब्रूस लिऊ आणि 2025चा एरिक लू, दोघेही याच डांग थाय सोनकडे शिकलेले. घराणं म्हणायला हरकत नाही.

सूर तोच, खालची जमीन सरकते

पाश्चात्त्य संगीतातली एक गोष्ट आपल्या कानाला अनोळखी असते: हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणारे सूर आणि त्यांचे बदलत जाणारे गट. आपल्याकडे तानपुरा शेवटपर्यंत एकच असतो. कल्पना करा, तुम्ही पंचमावर उभे आहात आणि मागचा तानपुरा हळूहळू, अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली घसरतोय. तुमचा सूर तोच, पण दर घसरणीला त्याचा अर्थ बदलतो. आत्ता निवांत होता, आता व्याकूळ, आता जणू चुकलेला.

ई मायनरमधला प्रेल्यूड (म्हणजे एक छोटी सुटी रचना), ऑपस 28 मधला चौथा, हेच करतो. उजवा हात बराच वेळ शेजारच्या दोन सुरांमध्ये घुटमळतो. घडतं ते सगळं डाव्या हातात, एका वेळी एक पायरी खाली उतरत. जेमतेम दोन मिनिटांची रचना, सुरुवातीचं वादन मध्यम तयारीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असं. शोपँच्या अंत्यविधीत पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये ती ऑर्गनवर वाजवली गेली.

नकाशावर नसलेल्या देशाचा ठेका

1 मार्च 1810, वॉर्साजवळचं झेलाझोव्हा व्होला हे गाव. घरचे ही जन्मतारीख पाळत; चर्चच्या नोंदीत मात्र 22 फेब्रुवारी आहे. पोलंड 1795 मध्ये शेजारच्या तीन सत्तांनी वाटून घेतलेला, वॉर्सावर 1815 पासून रशियन झारचा अंमल. सुट्टीत खेडेगावी गेलेल्या मुलाने तिथले नाच ऐकले. माझुर्का त्यातला एक: तीन मात्रांचा, पण जोर पहिल्या मात्रेवर ठरलेला नाही, तो दुसरीवर किंवा तिसरीवर पडतो. लंगडल्यासारखी एक डौलदार चाल. शोपँने आयुष्यभर माझुर्का लिहिल्या, पन्नासहून जास्त. चार्ल्स हाले या वादकाने एकदा त्याला म्हटलं, तुमच्या तीन मात्रा मला चार ऐकू येतात. शोपँने साफ नाकारलं. हालेने त्याला वाजवायला लावून चार मोजून दाखवले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, हा आमच्या नाचाचा स्वभाव आहे.

2 नोव्हेंबर 1830 ला विशीतला शोपँ वॉर्सातून परदेशी निघाला. महिना संपायच्या आत तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला, पुढच्या सप्टेंबरात तो चिरडला गेला. बातमी त्याला स्टुटगार्टमध्ये कळली. तो पुन्हा कधीच परतला नाही. पॅरिसमध्ये श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत वाजवायचा, तासाला वीस फ्रँक घेऊन शिकवायचा. फी शिष्याने शेकोटीवरच्या फळीवर ठेवायची, हातात द्यायची नाही. मोठ्या सभागृहाची त्याला धास्ती होती. उभ्या आयुष्यात जाहीर कार्यक्रम केले ते तीसच्या आसपास.

"मग हे दिवाणखान्यातलं, नाजूक, जरा रडवं संगीत म्हणायचं का?" हा आक्षेप जुना आहे. ज्यांना तसं वाटतं त्यांनी त्याचे पोलोनेझ (एका पोलिश नाचावरच्या रचना) किंवा शेर्झो (वेगवान, जोरकस रचना) ऐकावेत. जर्मन संगीतकार शूमनने लिहिलं होतं की शोपँच्या रचना म्हणजे फुलांखाली दडवलेल्या तोफा, आणि राज्यकर्ते ते शब्दशः घेतल्यासारखे वागले. 1863च्या उठावात रशियन सैनिकांनी त्याच्या बहिणीच्या घरातून त्याचा जुना पियानो रस्त्यावर फेकला. 1940 मध्ये नाझींनी वॉर्सातला त्याचा पुतळा सुरुंगाने उडवला आणि त्याचं संगीत वाजवायला बंदी घातली. अंगाईगीताला कुणी इतकं घाबरत नाही.

हृदय बरणीत, वॉल्ट्झ कागदावर

खोकला त्याला तरुणपणापासून. 1838-39चा हिवाळा त्याने जॉर्ज साँबरोबर मायोर्का बेटावर वाल्देमोसाच्या जुन्या मठात काढला, प्रकृती सुधारावी म्हणून, आणि ती बिघडली. तिथे त्याने 24 प्रेल्यूड पूर्ण केले. मग उन्हाळे साँच्या नोआँ गावच्या घरी. 1847 मध्ये दोघे दुरावले, 1848च्या क्रांतीत पॅरिसच्या शिकवण्या संपल्या, इंग्लंड-स्कॉटलंडचा दमवणारा दौरा झाला. शेवटचा कार्यक्रम लंडनमध्ये, पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी. 17 ऑक्टोबर 1849 ला तो गेला, एकोणचाळीसाव्या वर्षी.

देह पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत आहे. हृदय थोरल्या बहिणीने, लुद्विकाने, बरणीत घालून वॉर्साला नेलं. ते होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे. 2014 साली तज्ज्ञांनी बरणी न उघडता बाहेरून पाहिली आणि क्षयाने हृदयाच्या आवरणाला सूज आल्याचं निदान मांडलं.

न्यूयॉर्कचा कागद सुमारे 13 बाय 10 सेंटिमीटरचा. कागद आणि शाई त्या काळातली, सुरांच्या खुणा काढायची ढब शोपँची. वर त्याचं नाव आहे, पण ते दुसऱ्या कुणाच्या हातचं. सुरुवातीलाच एक कर्कश, प्रचंड मोठा उद्रेक, जो त्याच्या वॉल्ट्झमध्ये सहसा येत नाही. पूर्ण वाजवला तरी दीड मिनिटाच्या आत संपतो. इतका छोटा कागद बहुधा कुणाला भेट द्यायला असावा. तो दिला गेला की नाही, यावर तज्ज्ञांना आता हवं तेवढं भांडता येईल.

भाचीला मी उत्तर लिहीत बसलो नाही. ऑपस 9 चा दुसरा नॉक्टर्न दोन वेगळ्या वादकांनी वाजवलेला, नावं न सांगता, पाठवून दिला. रात्री तिचा मेसेज आला: "दुसरा सारखा उशिरा येतोय. त्याचंच अजून पाठव."